पिवळा फोन आणि घट्ट बाही

३ फेब्रुवारी

ताई,

वर 'तीर्थरूप' लिहिलेलं नाही, बघून घे. तेवढा मान द्यायचा तर आधी आपलं बोलणं चालू असायला हवं, आणि ते माझ्या लेकीच्या लग्नापासून बंद आहे. मी ते आधी चालू करणार नाही, हे तुला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. पत्र म्हणजे काही बोलणं नव्हे, तेव्हा मी अजून हरलेली नाही.

आता सांग, रोज दुपारी तू मला फोन का करतेस?

आमच्या चष्म्याच्या दुकानात जेवणाची सुट्टी झाली, मी काउंटरमागे डबा उघडला की फोन वाजतो. नाव तुझं. पहिल्या दिवशी माझ्या हातातला घास तसाच राहिला. वाटलं, आली बाई शुद्धीवर! उचलला. 'हॅलो, हॅलो' करून घसा कोरडा पडला, तुझ्याकडून हूं की चूं नाही. मागे तुझी इस्त्री फुसफुसतेय, मशीन चालतंय, आणि तू कुणालातरी दम देतेस, "पोट आत घेऊ नका, मग घरी गेल्यावर श्वास कसा घेणार?" एवढं ऐकलं आणि मी ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही. ही काय नवीन तऱ्हा म्हणायची? फोन करायचा, पण बोलायचं नाही, म्हणजे मी आधी बोलले असं व्हावं! वा गं वा! लहानपणी पण तू अशीच होतीस. लपाछपीत स्वतःच शिंकायचीस आणि मला म्हणायचीस, तूच शिंकलीस.

बोलायचं असेल तर बोल. नसेल तर मला सुखाने जेवू दे.

ठकी

•

८ फेब्रुवारी

ठके,

तुझं पत्र वाचून मी जिन्यात उभ्या उभ्या हसले. मी? तुला? फोन? स्वप्नं बघतेस का दुपारची? डबा खाल्ल्यावर डुलकी लागते तुला, ती जुनी सवय आहे.

मी तुला एकही फोन केलेला नाही. करणारही नव्हते. ज्या बहिणीने मी जागून शिवलेल्या लग्नाच्या ड्रेसची बाही कोपऱ्यावरच्या कुठल्याशा शिंप्याकडून सैल करून घेतली, आणि वर मला पत्ता लागणार नाही असं गृहीत धरलं, तिला मी फोन करीन? अगं, नवरी समोरून चालत आली तेव्हाच मला दिसलं. टाका माझा नव्हता. भर मांडवात माझा चेहरा पडला आणि तू विचारतेस, "ताई, उन्हामुळे का?"

असो. तुझ्या पत्रानंतर मी फोनमधली यादी उघडून पाहिली. खरंच गं, रोज दुपारी तुझ्या नावावर फोन गेलेला दिसतो! मी हादरलेच. काजं करायला येते ना माझ्याकडे, ती आमची काजवाली म्हणाली, "बाई, फोनला भूत लागलंय." मी म्हटलं, भूत असेल तर त्याला माझी धाकटी बहीणच बरी सापडली.

फोन घेऊन वर्षसुद्धा झालेलं नाही. वॉरंटी आहे. उद्या पहिलं काम, सर्व्हिस सेंटर. मी काही सोडणार नाही त्यांना. खराब माल गळ्यात मारून घ्यायला मी काय बाहुली आहे? नवा फोन घेतल्याशिवाय तिथून हलायची नाही!

तेव्हा तुझ्या दुपारच्या जेवणात आता कुणी येणार नाही. जेव सुखाने.

ताई

ता. क. तुझी मुलगी कशी आहे? हे फक्त सहज.

•

१३ फेब्रुवारी

ताई,

भूत! छान सापडलं तुला कारण. दर दुपारी, बरोबर इस्त्रीच्या वेळी, जगातले सगळे नंबर सोडून माझाच लावणारं भूत. फारच मायाळू दिसतं.

बाहीचा विषय तूच काढलास म्हणून सांगते. बाही घट्ट होती. काखेत काचत होती. बबडीला हात वर करता येईना, ती केस बांधायची म्हटली तर मला बांधून द्यावे लागायचे. तुला सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, बाही बरोबर आहे, हातच जाड आहे. म्हणालीच असतीस! मग नेला मी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे. आणि आता त्यावर मी एक अक्षरही बोलणार नाही, कारण आपलं बोलणं बंद आहे.

पण बबडीबद्दल तू 'सहज' विचारलंस ना, तर एक बातमी आहे. मोठी. ऐकलीस की तुझ्या हातातली कात्री गळून पडेल. मी ती पत्रात लिहायला बसलेच होते, तर बबडीने पेन हिसकावून घेतलं. म्हणते, "मावशीला ही गोष्ट कागदावर कळलेली मला चालणार नाही. तुम्ही दोघी बोला. तू तुझ्या तोंडाने सांग." मी म्हटलं, मी आधी फोन करणार नाही. ती म्हणाली, "मग मावशीने करावा. पण लवकर करा, मला दोघी हव्या आहात माझ्याजवळ. एक आली आणि एक रुसून बसली, असं मी चालवून घेणार नाही."

आता तूच ठरव. ही बातमी फार दिवस थांबणारी नाही, ताई. ती आपल्या पायांनी... पुढे लिहीत नाही. बबडी खांद्यावरून वाचतेय.

ठकी

•

२१ फेब्रुवारी

ठके,

काय दिवस होता आजचा! अक्षर बघ कसं पळतंय.

पण आधीपासून सांगते. सर्व्हिस सेंटरला मी पहिल्यांदा गेले तेव्हा कुडकुडत बसले. एसी असा की मासे ठेवावेत. नंबर आला. दुरुस्तीवाली पोरगेलीच आहे, एका डोळ्याला भिंग लावते. तिने फोन उलटा केला, सुलटा केला, दहा वेळा बोट फिरवलं आणि म्हणाली, "फोन ठणठणीत आहे, मावशी." मी म्हटलं, ठणठणीत? मग माझ्या बहिणीला रोज दुपारी कोण छळतंय? ती म्हणे, तुमचंच बोट लागत असेल.

माझं बोट! अगं, चाळीस वर्षं सुईच्या मागे असणारं माझं बोट, ते नको तिथे लागेल?

दुसऱ्यांदा गेले. दिवसभर ठेवून घेतला. काही झालं नाही. "निरीक्षणात दोष आढळला नाही," असा शिक्का मारून परत. ठके, मला रडू कोसळायचं बाकी होतं. वॉरंटी संपत आलेली आणि फोन असा शहाण्यासारखा वागतोय की जणू मीच वेडी.

आज तिसऱ्यांदा गेले. हट्टाने. पिशवीत फोन आणि त्याच्यावर गरम डबा, कारण मी ठरवलं होतं की आज तिथेच जेवायचं, पण उठायचं नाही. ती म्हणाली, "कुणाला लागतो फोन? दाखवा बरं." मी तुझं नाव उघडून फोन तिच्यासमोर काचेवर ठेवला. हात लावला नाही, दोन्ही हात वर केले, चोर पकडल्यासारखे. आणि काय सांगू! फोनने आपण होऊन हिरवं बटण दाबलं! आमच्या डोळ्यांदेखत! दुरुस्तीवालीने पटकन आवाज मोठा केला, आणि त्या सगळ्या गार खोलीत तुझा आवाज घुमला, "ताई? ताई, तू आहेस का?"

मी ओरडले, "हाच! हाच तो दोष! बघितलात ना? ऐकलात ना?" आख्खं सेंटर माझ्याकडे बघायला लागलं. आतला टाय घातलेला साहेब धावत बाहेर आला.

मग दुरुस्तीवालीने मला समजावलं. स्क्रीनच्या खालच्या कडेला बिघाड आहे. फोन तापला की तेवढीच जागा आपोआप दाबली जाते, म्हणजे हिरवं बटण, आणि समोर ज्याचं नाव उघडं असेल त्याला फोन लागतो. त्यांच्या गारठ्यात तापतच नव्हता, माझ्या इस्त्रीच्या टेबलावर तापायचा. डब्याने काम केलं! ती म्हणाली, "मावशी, हा बदलूनच देतो."

पण माझं मॉडेल आता निघत नाही म्हणे. त्याऐवजी दुसरं देणार. मी त्या फोनसाठी गोधडीच्या टाक्यांचं कव्हर शिवलंय, बटणासकट, त्याचं काय? तिने दोन दिवस विचार करायला दिलेत. विचार कसला, नवा फोन मिळणार! पाय जमिनीवर ठरत नाहीयेत.

ताई

•

२५ फेब्रुवारी

ताई,

मी तुझा दोष?

मी चष्म्याच्या काचा पुसत होते. फोन वाजला, उचलला. पहिल्यांदाच इस्त्रीचा आवाज नाही. वाटलं, बाईला काही झालं का. मी 'ताई, ताई' म्हणतेय, आणि तू भरल्या दुकानात ओरडतेस, "हाच तो दोष!" माझ्या समोर गिऱ्हाईक होतं, त्याच्या नाकावर मी चष्मा उलटा चढवला.

दिवसभर फणफणले. मग तुझं पत्र आलं. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना मी खुर्चीवरून उठले, ताई. बबडीला हाक मारली. तिला वाचून दाखवलं. आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून इतक्या हसलो की शेजारीण डोकावून गेली.

तू स्वतःच्या अक्षरात लिहिलंयस की फोन तापला की फक्त हिरवं बटण दाबलं जातं. आणि समोर ज्याचं नाव उघडं असेल त्यालाच फोन लागतो. मग मला सांग, रोज दुपारी इस्त्रीच्या टेबलावर माझं नाव कोण उघडत होतं? तेही भूतच का?

सापडलीस! रोज माझं नाव उघडायचीस, दाबू की नको, दाबू की नको करत बसायचीस, मग गिऱ्हाईक आलं की फोन तसाच टेबलावर ठेवून उठायचीस. उरलेलं काम बिचारा फोन करायचा. तो काय बिघडलेला होता? त्या घरात तेवढं एकच शहाणं होतं!

आता माझंही ऐक, म्हणजे हिशेब बरोबरीचा होईल. पहिल्या पत्रात मी लिहिलं, ठेवून दिला. थाप. मी एकदाही ठेवला नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत डबा उघडायचा, फोन कानाला लावायचा आणि जिवाचा कान करून तुझ्या खोलीत बसायचं. मला माहीत आहे, काजवालीच्या सासूचा गुडघा दुखतो. मला माहीत आहे, तू अजून बॉबिन संपली की मशीनला शिव्या देतेस. माझी सुट्टी संपायची, तुझी इस्त्री संपायची, मग मी ठेवायचे. ते पहिलं पत्र लिहिलं ते तरी कशाला? तू चिडून खराखुरा फोन करशील, म्हणून.

आणि मागच्या महिन्यात एकदा काजवालीने विचारलं, "हे इवलंसं कुणाचं शिवताय, बाई?" तू म्हणालीस, "हे गिऱ्हाईकाचं नाही. हे आमच्या घरचं आहे." माझा घास तोंडातच राहिला. ताई, तुला कुणी सांगितलं? आम्ही तर कुणालाच सांगितलं नव्हतं!

आता तू नवा फोन घेणार. चांगला, न तापणारा. छान झालं, घे. पण खरं सांगते, मला धास्ती वाटतेय. तो आपण होऊन माझा नंबर लावणार नाही. दुपारी माझा फोन वाजलाच नाही तर?

ठकी

•

३ मार्च

ठके,

आधी फोनचं.

पिवळा आहे! मी म्हटलं काळा द्या, फोन हा काळाच असतो. तर या मॉडेलमध्ये फक्त पिवळा शिल्लक. नाक मुरडून घेतला. घरी आणून खिडकीत धरला आणि काय सांगू, अगदी त्या आपल्या पहिल्या फ्रॉकच्या अस्तराचा पिवळा. दोघींना एकाच तुकड्यातून शिवले होते आईने, आठवतं? मोठा आहे, जुन्या कव्हरात शिरत नाही, तर मी बाजू उसवून दोन बोटं कापड घातलं, चपखल बसला. कॅमेरा असा की सुई धरली तर तिचं नेढं बाटलीच्या तोंडाएवढं दिसतं. आता दोरा ओवायला काजवालीच्या मिनतवाऱ्या करायला नकोत. दिवसभरात मी सगळ्या सुया ओवून ठेवल्या, उगाच!

आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवून पाहिला. तापवला. काही नाही. गप्प पडून राहतो.

आता तुझं.

हो. उघडायचे तुझं नाव. रोज. झालं समाधान? जुना फोन परत देताना सगळं पुसून देतात, नंबरही. दुरुस्तीवाली म्हणाली, मी जुने नंबर नव्यात उतरवून देते. मी म्हटलं थांब, एक माझ्या हाताने घालते. तुझा मला पाठ आहे.

बबडीचं मला कुणी सांगावं लागत नाही. घरच्यांच्या ग्रुपवर तुझ्या नवऱ्याने तिचा फोटो टाकला होता ना, खिडकीपाशी उभी? ड्रेस मी शिवलेला होता, निळा. कमरेला दोन्ही बाजूंनी उसवलेला. आणि समोरून असा उचललेला की घेर पुढे आला होता. जी मुलगी जेवायला बसायची आणि उठेपर्यंत तिचं अर्धं ताट मीच संपवायचे, ती काही जेवून जाड झालेली नाही, एवढं मला कळतं. मी त्याच संध्याकाळी मऊ कापड आणलं. सहा झबली झाली आहेत. काखेत भरपूर सैल ठेवली आहेत, हे मुद्दाम लिहिते.

पण ठके, फोन हातात घेते आणि बोट पुढे जात नाही. आधी भूत तरी होतं. आता जे काय करायचं ते मीच. बटण दाबलं, तू उचललंस, आणि मला एक शब्द सुचला नाही तर? इतके दिवस तोंडाला कुलूप लावून बसले, आता पहिला शब्द कोणता काढायचा? 'कशी आहेस' म्हणू? तू फोनच ठेवून देशील. मी असते तर ठेवला असता.

मला भीती वाटते गं. एवढं लिहून पाकीट बंद करते, नाहीतर फाडून टाकीन.

ताई

•

९ मार्च

तीर्थरूप ताईस,

बघ, लिहिलं. आता हक्क आहे मला.

तुझं पत्र काल सकाळी आलं. मी ते दुकानात नेलं, एप्रनच्या खिशात ठेवलं. जेवणाची सुट्टी झाली. डबा उघडला. फोन समोर काउंटरवर. मी त्याच्याकडे बघतेय आणि तो माझ्याकडे. एक म्हातारे गृहस्थ चष्म्याची दांडी घट्ट करायला आले, त्यांना म्हटलं, बसा, आज माझं लक्ष नाही.

आणि वाजला!

नाव तुझं. माझ्या हातून चमच्यासकट डब्याचं झाकण खाली पडलं. उचलला. मी काही बोलले नाही, कारण मला ऐकायचं होतं. इस्त्री नव्हती. मशीन बंद. काजवालीसुद्धा श्वास धरून बसली असणार. तुझा घसा साफ करण्याचा आवाज आला. आणि मग, ताई, इतक्या दिवसांनंतरचा तुझा पहिला शब्द:

"बाही घट्ट नव्हती."

मी म्हटलं, "होती."

"नव्हती."

"काखेत काचत होती!"

आणि मग तू हसायला लागलीस की रडायला, मला अजून कळलेलं नाही. माझंही मला कळलं नाही. ते म्हातारे गृहस्थ उठून मला पाण्याचा ग्लास देऊन गेले. मी तुला बातमी सांगितली, तुला माहीत असलेली, आणि तू अशी किंचाळलीस की जणू पहिल्यांदाच ऐकतेस. त्या किंचाळण्यासाठी मी तुझी आयुष्यभर ऋणी आहे. बबडीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मावशीला सांग, बाही घट्टच होती, पण माझ्या बाळाचं पहिलं झबलं तिच्याच हातचं हवं, आणि घालायलाही तीच हवी." तेव्हा आता येत्या आठवड्यात सुया, दोरे, झबली आणि पिवळा फोन घेऊन इकडे निघायचं. सबबी ऐकल्या जाणार नाहीत. काजवालीला दुकान सांभाळू दे, तिला सासूच्या गुडघ्यापासून तेवढीच सुटका.

आणि एक गोष्ट तुझ्या लक्षात आली का, माहीत नाही. बोलणं संपलं, तू 'बरं' म्हणालीस, मी 'बरं' म्हटलं, आणि तू फोन ठेवला नाहीस. टेबलावर नुसता ठेवून दिलास. मग फुस्स. इस्त्री सुरू झाली. तू काजवालीला ओरडलीस, "बघतेस काय, काजं कर!" आणि नाक ओढलंस.

मी पण नाही ठेवला. फोन कानाला लावून एका हाताने जेवले आणि मग त्या गृहस्थांची दांडी घट्ट केली. नव्या मॉडेलमध्ये आवाज फार स्वच्छ येतो गं, तुझी कात्री कापडातून चालतेय तेसुद्धा ऐकू येत होतं.

हा दोष मात्र दुरुस्तीवालीला दाखवू नकोस.

तुझी,
ठकी